गावी राहून कमीत भागवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

चौथरा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी आणि बायको, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. हयात डोंबिवलीत गेली. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. राजापूर तालुक्यात, खाडीपासून जरा वर, आमचं वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. गेल्या पावसात पडवी बसली, बाकी घर उभं आहे. विहीर आहे, एप्रिलअखेर तळ दिसतो. थोडे माड, काजू आणि हापूसची कलमं. कलमं करारावर दिलेली आहेत.

जायचं कारण विचाराल तर वीट आलाय. दारात रोज खोकं, खोक्यात प्लास्टिक, प्लास्टिकात वस्तू आणि चार महिन्यांनी ती वस्तूही कचऱ्यात. गावी जाऊन जमेल तेवढं कमी विकत घेऊन, कमी जाळून, कमी फेकून राहायचं आहे. आजी-आजोबा राहायचे तसं.

माझी यादी: छपरावर सोलर. गोबरगॅस आणि त्यासाठी दोन गाई. स्वयंपाक चुलीवर. जमीन शेणाने सारवलेली. पडवी मातीत बांधायची. फ्रीज आणि वॉशिंग मशीन डोंबिवलीतच सोडायचं. परसात भाजी. सध्या दर शनिवार-रविवार गाडीने येऊन-जाऊन काम सुरू करतोय.

यात काय चुकतंय, काय राहिलंय? स्पष्ट सांगा.

पोफळीबाग

यादीत सगळं आहे, पाणी नाही.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि मे महिन्यात टँकर, हे कोकणाचं जगावेगळं वैभव. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. वर पडलेलं झरझर खाली उतरतं आणि पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला मिळतं.

तुमचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा. तीन मीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. एवढं सगळं साठवायचा मोह धरू नका, त्या टाकीच्या सिमेंटात दुसरं घर उभं राहील. प्यायला आणि स्वयंपाकाला दोघांना दिवसाला पंचवीस लिटर पुरतं. मार्च ते मे धरून अडीच हजार लिटरच्या आत. म्हणजे तीन हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी, पन्हळीला जाळी आणि पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन जाईपर्यंत. बाकीचं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला चर मारून जिरवा. दिवाळीनंतर पऱ्ह्याला वाडीतल्या लोकांबरोबर कच्चा बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती आणि एक दिवसाची मेहनत. पऱ्ह्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना त्याने महिनाभर तरी जास्त पाणी राहतं.

वापरलेल्या पाण्याचं मुद्दाम काही करावं लागत नाही. न्हाणीच्या मागे केळी आणि अळू असायचाच. फक्त डिटर्जंट हात राखून वापरा, केळीला कळतं.

संडासाचा विषय मोठा आहे, रात्री लिहितो.

हिशोबनीस

मी ठाण्यात राहणारा इंजिनीयर, त्यामुळे आकड्यांत बोलतो. राग नसावा.

मुंबई ते रत्नागिरी साधारण ३४० किमी. तुमचं गाव त्याच्या पुढे, पण तेवढंच धरू. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर जाऊन-येऊन ४५ लिटर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका फेरीला शंभर किलोच्या वर. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो जाळला की साधारण ४२ किलो. थोडक्यात, एका शनिवार-रविवारात तुम्ही अडीच सिलिंडर रस्त्यावर जाळता. दोन माणसांना एक सिलिंडर दीड-दोन महिने जातो. गॅस बंद करून चूल पेटवण्याआधी गाडी बंद करा. कोकण रेल्वे १९९८ पासून आहे आणि २०२२ पासून संपूर्ण मार्ग विजेवर आहे. स्टेशन गावापासून लांब पडतं, मान्य. तिथून पुढे एसटी, रिक्षा.

सोलरबद्दल. २०२४ च्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीनला ७८ हजार अनुदान आहे. अनुदान जास्त मिळतं म्हणून तीन किलोवॅट घेऊ नका, दोघांना एक पुष्कळ झालं. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला चारेक युनिट मिळतात. जुलैत निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली.

आणि एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत: ही ग्रिडला जोडलेली यंत्रणा बाहेरची लाइट गेली की स्वतःही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशीच रचना असते. पहिल्या वाऱ्याला लाइट जाणाऱ्या गावात छपरावर लाखभराचं सोलर आणि खाली मेणबत्ती, असं व्हायचं नसेल तर दोन दिवे, पंखा आणि फोनपुरती छोटी बॅटरी वेगळी ठेवा. पॅनेल कौलांवर नको, अंगणात सांगाडा करून लावा. माडापासून लांब. नारळ पॅनेलला ओळखत नाही.

गजाली_करी

गायी घेवच्या आदी इचार करा हां. गोबरग्यास वायट नाय, आमच्या कुडाळ तालुक्यात तेचा मोठा काम झाला. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाचा नाव तुमी आयकला असतला. पण एक घनमीटरच्या टाकयेक रोज पंचवीस किलो शेण व्हया. आपली कोकण कपिला केवढीशी, तिचा शेण केवढा! दोन गायींनी भागाचा नाय. आणि शेण टाकला म्हणजे झाला असा नाय, तेवढ्याच पाण्यात रोज कालवूक व्हया. तुमी लग्नाक डोंबिवलेक गेलास तर गाय काय रजेचो अर्ज देतली?

शेजाऱ्याकडे गोरवा असतीत तर शेण इकत घेया. तेका चार पैशे, तुमका ग्यास. आणि टाकयेतली सलरी टाकून देव नकात, माडाक घाला.

सड्यावरची

मी देवगड तालुक्यातली. लग्न झाल्यापासून सड्यावरच, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे.

'आजी-आजोबा राहायचे तसं' इथे मी थांबले. आजोबा बहुधा मुंबईत होते ना? राहायची ती आजी. पहाटे विहिरीवरून कळशा, मग फुंकणी, पावसात ओली लाकडं, डोळ्यांत धूर, गोठा, लावणी, कापणी, दर आठवड्याला सारवण आणि महिन्याने पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. घरात कचरा नव्हता कारण विकत घ्यायला पैसा नव्हता. वीज लागत नव्हती कारण तिची कंबर होती.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक नाव लिहा: हे रोज कोण करणार? चूल, सारवण, गोठा, हाताने कपडे धुणं. सोलर आणि बांधकाम सोडलं तर सगळ्यांपुढे एकच नाव येईल अशी मला शंका आहे. वहिनींना विचारलंत का?

गार पाण्याचं वॉशिंग मशीन दोघांच्या कपड्यांना महिन्याला चार-पाच युनिटांच्या वर खात नाही. ते डोंबिवलीत सोडून दर आठवड्याला गाडीने फिरणं ही पुरुषी काटकसर झाली.

चुलीचं म्हणाल तर न्हाणीतली ठेवा. झावळ्या, नारळाची सोडणं (सालं), करवंट्या पडूनच असतात, त्यावर आंघोळीचं पाणी मस्त तापतं, वर राख भांड्यांना होते. स्वयंपाकघरात मात्र धूर नको. माझ्या सासूबाईंचा खोकला कधीच गेला नाही, आणि त्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती.

खाडीपलीकडे

सड्यावरची यांना +१००.

अजून एक. आमच्या वाडीत लोकांनी इतकी वर्षं धडपडून लादी बसवली, घरात नळ आणला. आता शहरातून मंडळी येतात आणि 'अरेरे, सारवलेली जमीन गेली' म्हणून हळहळतात. सारवा की तुम्ही, कोण नको म्हणतंय. पण शेजारणीला शिकवायला जाऊ नका.

चौथरा

खाडीपलीकडे, शिकवायला जाणार नाही, शिकायलाच येतोय.

सड्यावरची ताई, खरं सांगायचं तर यादी मी एकट्यानेच केली. आजोबा गिरणीत होते, तुमचा अंदाज बरोबर. बायकोला धागा वाचायला देतो.

मोहोर

धाग्यात एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं: 'कलमं करारावर दिलेली आहेत.'

चौथराभाऊ, तुम्ही घरात साबण जपून वापराल, पण तुमच्याच जमिनीवर मोहोर आल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सहा फवारण्या होतात. फवारणीचं औषध बऱ्याचदा मालकाच्या विहिरीवरच कालवलं जातं. शिवाय दर वर्षी हमखास फळ यावं म्हणून बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मात्रा ठरवून दिलेली असते, झाडाचा विस्तार बघून. पण कराराचा माणूस तीन वर्षांसाठी आलेला असतो, झाड तुमचं असतं. त्याने हात सैल सोडला तर तो निघून गेल्यावर फांद्या वाळायला लागतात. मी स्वतः बागायतदार आहे, फवारणी मीही करतो, न करता हापूस बाजारात उभा राहत नाही. पण गरज बघून.

पुढच्या करारात लिहून घ्या: औषध विहिरीपासून लांब कालवायचं, रिकाम्या बाटल्या परत न्यायच्या, पॅक्लोब्युट्राझॉल किती आणि कधी ते तुमच्यासमोर. फळमाशीला दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा लावा, त्यात नर माशा अडकतात आणि फळावर औषध मारावं लागत नाही. करारात पैसे थोडे कमी येतील. खर्चाची ओढ नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, मग हे सगळ्यात आधी.

आगोट

मी श्रीवर्धनची, निवृत्त शिक्षिका. फ्रीजबद्दल लिहायचं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं. आमच्या पोफळी ओळीच्या ओळी झोपल्या, विजेचे खांब त्यांच्याबरोबर. लाइट कित्येक आठवडे नव्हती. पहिल्या दोन दिवसांत वाडीतल्या सगळ्यांच्या फ्रीजमधलं सामान उकिरड्यावर गेलं. पण कुणी उपाशी राहिलं नाही, कारण आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झालेली होती. कोकणात मे महिना त्यासाठीच असतो. सुकट, सोडे, बोंबील. आमसुलं, आगळ. आंबोशी. फणसाची साटं. आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात. कुळीथ, वाल, पापड, सांडगे. खारातली कैरी बरणीत. तांदूळ कणगीत. बियाण्याचं भात आमच्या लहानपणी पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर जायचं, खालच्या चुलीचा धूर लागून त्याला कीड लागत नसे. चुलीचा एवढा एक फायदा मी मान्य करते.

हे सगळं करायला तांत्रिक असं काही नाही, कडक ऊन लागतं आणि अंगणात सावली नको. अळवाच्या आणि टाकळ्याच्या भाजीला तर तेही नको, पहिल्या पावसानंतर दारात उगवते. कुर्डू, फोडशी, भारंगी ओळखायला शेजारच्या म्हातारीबरोबर दोन पावसाळे फिरा. रविवारी दापोलीहून मागवलेल्या टोमॅटोच्या रोपांपेक्षा ती जास्त खायला घालेल. जून-जुलैत वेलवर्गीय भाज्या लावा, काकडी, पडवळ, दोडकी, भोपळा. टोमॅटोला आपला पावसाळा मानवत नाही.

फ्रीज मात्र आणा, छोटा. माझ्याकडे इन्सुलिन असतं. वादळाच्या त्या दिवसांत मी ते माठाच्या ओल्या वाळूत ठेवत होते आणि रोज धास्ती. या वयात ती हौस करू नये.

कांदळवन

वेंगुर्ल्याहून.

सगळ्यांनी घरात काय आणायचं यावर लिहिलं, घराबाहेर काय जातं यावर कमी. गावात घंटागाडी नसते. आणलेली प्रत्येक पिशवी गावातच राहते. जाळली तर नाकात, टाकली तर पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून खाडीत, आणि जुलैत भरतीबरोबर परत किनाऱ्यावर. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, देशभरात एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. वाडीच्या दुकानात वेफर्सच्या माळा तशाच लटकतात, कारण ते त्या बंदीत येतच नाही.

आमच्या नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा करायला लावला, प्लास्टिकचा चुरा करून डांबरी रस्त्यात वापरला. जुन्या कचरा डेपोच्या जागी आता लोक बघायला येतात. पण ते शहरात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तुम्हालाच करावं लागेल. माझे नियम:

किराणा सुटा, डबे घेऊन. दुकानदार आधी हसतो, मग स्वतःच डब्याचं वजन लक्षात ठेवतो. जे सुटं मिळत नाही त्याची पाकिटं धुऊन, वाळवून गोणीत. गोणी भरली की रत्नागिरीला किंवा भंगारवाल्याला. धुणं महत्त्वाचं, नाहीतर घुशी येतात. सेल, बल्ब, औषधांच्या पट्ट्या वेगळ्या बरणीत.

पॅड आणि डायपर हा सगळ्यात अवघड कचरा. जळत नाही, कुजत नाही, कुत्री ओढून आणतात. कापडी वापरा म्हणणं सोपं आहे, पण आमच्याकडे श्रावणात कपडा चार-चार दिवस वाळत नाही आणि दमट कपडा वापरणं धोक्याचं. मासिक पाळीचा कप वापरला तर एकच अनेक वर्षं चालतो. ज्यांना जमत नाही त्यांच्यावर जबरदस्ती नको. बाळाला मात्र घरात लंगोट आणि प्रवासात डायपर, एवढं बहुतेकांना जमतं.

पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या हा माझा वैयक्तिक शत्रू. येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायचं, आमच्या विहिरीचं पाणी उकळून मिळेल.

पोफळीबाग

संडास. जेवत असाल तर नंतर वाचा.

कोकणात हा विषय काढला की आप्पासाहेब पटवर्धनांचं नाव घ्यावंच लागतं. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मला करू द्या म्हणून उपोषण केलं आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठोपाठ अन्न सोडलं. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला. तिथे मैला मातीआड करून त्याचं खत करायचं, म्हणजे कुणा माणसाला तो डोक्यावर वाहायला लागू नये, यावर ते वर्षानुवर्षं खपले. आजची 'इको' मंडळी कोरड्या संडासाची चित्रं परदेशातून आणतात तेव्हा मला कणकवली आठवते.

तुमच्यासाठी व्यवहारी मार्ग दोन शोषखड्ड्यांचा. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं बसवा, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. फ्लशच्या टाकीत एका वेळी सहा ते दहा लिटर जातं, आणि तुमच्या विहिरीला एप्रिलमध्ये तळ दिसतो. एक खड्डा पाच माणसांना तीनेक वर्षं जातो, दोघांना आणखी जास्त. भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला दोन वर्षं बंद. उघडाल तेव्हा काळी भुसभुशीत माती असते, वास नाही. माडाला घाला.

पण जांभ्यात भेगा असतात. खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला हवा आणि जितका लांब जाईल तितका लांब. पुस्तकात दहा-पंधरा मीटर असतं, आमच्या कातळात मी त्याच्या दुप्पट धरतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येत असेल तर खड्डा उथळ घ्या, भोवती मातीचा भराव घालून उंच करा. सेप्टिक टँकचा उपसा करणारी गाडी येऊन जाते आणि सगळं साफ झाल्यासारखं वाटतं. ती गाडी पुढे कुठे रिकामी होते ते एकदा विचारून बघा.

परत_गेलेला

मी संगमेश्वर तालुक्यात हाच प्रयोग केला होता. सध्या पुन्हा पुण्यात आहे, त्यामुळे माझा सल्ला तपासूनच घ्या.

पडवी मातीची नको. तीन हजार मिलिमीटर पावसात मातीच्या भिंतीला खाली चिऱ्याचं जोतं आणि वर हातभर पुढे आलेलं छप्पर लागतं, तेही दर वर्षी लिंपून. पडलेल्या पडवीचे चिरे तुमच्याकडे आहेतच. ते फेकू नका, भरणी म्हणून वापरू देऊ नका. जांभा उघड्यावर राहून आणखी टणक होतो. जुनं बांधकाम मातीत किंवा चुन्यात असेल तर चिरा अख्खा सुटतो. सिमेंटात असेल तर चिरा फुटतो पण सिमेंट सुटत नाही. म्हणून परत बांधतानाही चुना किंवा मातीच वापरा, म्हणजे तुमच्यानंतर कुणाला तेच चिरे पुन्हा वापरता येतील. नवा चिरा म्हणजे कुठल्यातरी सड्यावर आणखी एक खाण. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि दोन कोसांवर चिरे कापायचं यंत्र चालू असतं.

मंगलोरी कौलं ठेवा, पत्रा घालू नका. पत्र्याखाली मे महिन्यात दोन पंखे कमी पडतात. (ही कौलंही काही अनादी नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी गवत, झाप नाहीतर नळीची कौलं.) अडचण माकडांची आहे. वानर एकदा टोळीने उड्या मारून गेले की दहा-वीस कौलं फुटतात. ती परतणारा, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवणारा, माणूस मिळवणं हेच कोकणात साधं राहण्यातलं सर्वांत अवघड काम. गावातली पोरं मुंबईत, उरलेले बागेत मजुरीला. मी शेवटी स्वतः वर चढायला शिकलो, मग पाठ धरली, मग पुणे.

अवांतर: सातबारा बघितलात का? घरठाणावर किती नावं आहेत? आमच्याकडे सव्वीस होती, त्यातली चार हयात नव्हती आणि एक कॅनडात.

हिशोबनीस

'मग पाठ धरली, मग पुणे' हे वाचून हसलो, माफ करा.

कौलांखाली ताडपत्री घालतात हल्ली, ती कशी? गळती थांबते म्हणे.

परत_गेलेला

गळती थांबते, हवाही थांबते. कौलांच्या फटींतून वाफ बाहेर जाते म्हणून घर गार असतं. ताडपत्री टाकलीत की वाशांना ओल धरते आणि वाळवी तुमच्या आधी राहायला येते. ओटीला पावसाची झड लागते तिथे पूर्वी झावळ्यांच्या झडी बांधायचे, त्या अजून विणून देणाऱ्या बायका आहेत. आवर्जून त्यांच्याकडून घ्या. निळ्या प्लास्टिकपेक्षा दिसायलाही बरं, आणि दसऱ्यानंतर न्हाणीच्या चुलीत जातं.

चौथरा

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने धागा दोन वेळा वाचला. सड्यावरची ताईंचा प्रतिसाद मला मोठ्याने वाचून दाखवला, गरज नव्हती तरी. तिच्या अटी माझ्या शब्दांत देतो:

१. पाणी नळाने घरात. कळशी ती उचलणार नाही.

२. वॉशिंग मशीन येणार. छोटा फ्रीज येणार.

३. गाय नाही. शेण विकत घेऊन गॅस होत असेल तर शेण मी कालवायचं.

४. चूल न्हाणीत. पाणी तापवणं माझ्याकडे.

५. सारवण फक्त अंगणाला, दिवाळीच्या आधी, आणि गड्याला मजुरी देऊन. घरात लादी आहे ती राहील.

६. वाळवणं ती करणार, कारण तिला आवडतं. पण खाली वाकून वाळवणं मी उचलायची.

७. गाडी विकायची. हे मला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, मुलगी आली तर रेल्वेने येईल, आपण तुतारी एक्सप्रेसने जाऊ, औषधपाण्याला गावात रिक्षा आहे.

सड्यावरची

धागा वहिनींनीच काढायला हवा होता.

रिक्षावाल्याचा नंबर मात्र आधी घेऊन ठेवा, रात्री-अपरात्री फोन उचलणारा. आमच्याकडे एक आहे, तो आला की अर्धी वाडी बाजारहाट त्याच्याकडूनच मागवते. पाच घरांचं सामान एका फेरीत.

गजाली_करी

शेण कालवूची अट ब्येस. वयनीक नमस्कार सांगा.

पयल्या दिवशी हातमोजे घालशात, आठ दिवसांनी आपसूक सोडशात.

मोहोर

कराराचं काय ठरलं?

चौथरा

करार या हंगामानंतर संपतोय. तुम्ही लिहिलेल्या अटी टाकून नवा करणार. सध्याचा माणूस म्हणाला, 'बाटल्या परत नेईन, बाकी बघू.' नाही जमलं तर चार कलमं घरच्यापुरती आपण बघायची आणि बाकी दुसऱ्याला. रक्षक सापळे आत्ताच सांगून ठेवलेत.

पाण्याची टाकी आणि दोन खड्डे पावसाआधी व्हायला हवेत. पडवीचे चिरे वेगळे रचून ठेवायला गड्याला सांगितलंय, चुन्यातलेच निघाले. सोलर एक किलोवॅट, पण पाऊस उलटल्यावर.

आणि परत_गेलेला यांचं अवांतर खरं ठरलं. सातबाऱ्यावर एकोणीस नावं. पडवीला हात लावायचा तर मोठ्या काकांची सही हवी. काल फोन केला.

परत_गेलेला

काय म्हणाले?

चौथरा

म्हणाले, घाई काय आहे, गणपतीत सगळे असतील तेव्हा बोलू.

परत_गेलेला

मग टाकी आणि खड्डे आधी करून घ्या. आणि गणपतीला जाताना कागद तयार करूनच न्या, जागरणाच्या रात्री सगळे जागे असतात. पाचव्या दिवसानंतर कुणी सापडत नाही.